आधी जखमी मागे आणा : मंगळावरची फाइल-नोंदवही आणि घरातला जुना संगणक

या मालिकेत आपण सहसा लढायांबद्दल बोलतो. आजही एका मोहिमेबद्दलच बोलायचं आहे. फक्त तिची रणभूमी मंगळावर आहे, आणि तिथे जे घडलं तेच थोड्या फरकानं माझ्या टेबलावर घडलं. मंगळावरचे लोक वाचले. मी निम्मा वाचलो. हा फरक का पडला, ते आज सांगायचं आहे.

मी पायदळातला माणूस, पदवी इतिहासाची. संगणकाशी माझा संबंध टायपिंग आणि ईमेलपुरता. निवृत्तीनंतर एक काम मात्र मनापासून हाती घेतलं. १९७१च्या युद्धात लढलेले आमच्या पलटणीचे जुने लोक शोधायचे, त्यांच्या गावी जायचं आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. सहा वर्षांत एक्केचाळीस जणांची रेकॉर्डिंग झाली. ती सगळी एका जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर होती. दुसरी प्रत नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर राखीव तुकडीशिवाय हल्ला केला नाही, त्यानं सहा वर्षांचं काम राखीव प्रतीशिवाय ठेवलं होतं. चूक माझीच, हे आधीच सांगून टाकतो.

एके दिवशी लॅपटॉपनं अपडेट मागितलं. मी हो म्हटलं. साठ टक्क्यांपर्यंत जाऊन ते अडलं, मशीन पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर आलं की बदल मागे घेत आहोत. मी परत लावलं. परत तेच. असं चार वेळा. एकाच टेकडीवर, एकाच बाजूनं, चार वेळा चढाई. एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, 'पहिल्या वेळी का परतलात, ते पाहिलंत का?' स्वतःला मात्र मी हा प्रश्न विचारला नाही. पाचव्या दिवशी पडद्यावर डिस्कमध्ये त्रुटी असल्याचा इशारा आला. मी डिस्क तपासून दुरुस्त करण्याची आज्ञा दिली आणि झोपायला गेलो.

सकाळी काय दिसलं, ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

यंत्र चुकणारच, हे मान्य करणारा माणूस

१९४७च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती काम करत. तिथल्या रिले-संगणकावर त्यांना फक्त शनिवार-रविवारचा वेळ मिळायचा. यंत्राला आपली चूक कळत असे. आठवड्याच्या दिवसांत चूक झाली की दिवे लागत आणि ऑपरेटर येऊन दुरुस्ती करत. सुट्टीच्या दिवशी ऑपरेटर नसत. मग यंत्र चुकलेलं काम सोडून पुढचं काम हाती घेई. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंग आले आणि दोन्ही वेळा त्यांचं काम अर्धवट पडलेलं. ते वैतागले. वैतागातून त्यांना प्रश्न पडला : चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे शोधून ते स्वतःच दुरुस्त का करू शकत नाही?

त्यांनी काढलेला उपाय १९५०मध्ये छापून आला. तो पहाऱ्याच्या भाषेत सांगतो. चार सैनिक रांगेत उभे आहेत आणि त्यांच्यावर तीन पहारेकरी नेमले आहेत. प्रत्येक पहारेकऱ्याकडे त्या चारांपैकी वेगवेगळे तीन जण. एखादा सैनिक जागा सोडून हलला, तर कोणकोणते पहारेकरी ओरडले यावरून नेमका कोण हलला ते कळतं. चार बिट माहितीचे, तीन बिट पहाऱ्याचे. एक चूक असेल तर ती सापडते आणि सुधारता येते. १९६०मध्ये आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी याहून ताकदीची पद्धत मांडली. पुढे सीडी आणि हार्ड डिस्क या दोन्हींनी तिचा आधार घेतला.

तुमच्या घरातली हार्ड डिस्क रोज चुकते आणि रोज आपल्या चुका गुपचूप सुधारते. डिस्क चुकतच नाही, असा आपला समज असतो. खरं तर ती चुका निस्तरण्यात पटाईत असते. आपल्याला चूक दिसते ती पहारेकरी कमी पडल्यावरच.

डब्यावर चिकटवलेली यादी

पहिली हार्ड डिस्क आयबीएमनं सप्टेंबर १९५६मध्ये जाहीर केली. रॅमॅक नावाच्या संगणकाचा तो भाग होता. २४ इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक, आणि सगळ्यांत मिळून मावायची सुमारे पन्नास लाख अक्षरं. कपाटाएवढं ते धूड. आजच्या फोनमधला एखादा मोठा फोटोही त्यात मावणं कठीण.

१९८०च्या दशकात डिस्क टेबलावर आली. त्या काळच्या डिस्कच्या डब्यावर कारखान्यातून एक कागद चिकटवून येत असे. त्यावर त्या डिस्कच्या खराब जागांची यादी असे. डिस्क नवीकोरी, पण तिचे दोष कारखाना स्वतःच लिहून देत असे. डिस्क बसवणारा माणूस ती यादी वाचून हातानं टाइप करी आणि त्या जागा वापरायच्या नाहीत, असं संगणकाला सांगे. मला ही पद्धत फार आवडते. आपल्या पलटणीत कोण आजारी आहे, हे कमांडरला पहिल्याच दिवशी माहीत असावं, तसं.

डॉस या प्रणालीच्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९८१च्या सुमारास, चेकडिस्क नावाची आज्ञा आली. ती फाइलींची नोंदवही तपासे. नोंद आहे पण फाइल नाही, फाइलचा तुकडा आहे पण मालक नाही, एकाच जागेवर दोन फाइलींचा दावा आहे, अशा भानगडी ती शोधून काढी. बेवारस तुकडे गोळा करून त्यांना क्रमांकाची नावं देई. एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा. तिची निष्ठा नोंदवहीशी आहे, तुमच्या फाइलींशी नाही. वही जुळली की तिचं काम झालं. वही जुळवताना तुमची फाइल कापली गेली, तरी तिच्या लेखी दुरुस्ती यशस्वी.

पुढे डिस्क हुशार झाल्या आणि डब्यावरची यादी गेली. प्रत्येक डिस्कमध्ये काही राखीव जागा असतात. एखादा सेक्टर, म्हणजे माहिती ठेवण्याचा छोटा कप्पा, खराब झाला की डिस्क त्याच्या जागी राखीव कप्पा लावते. मालकाला काही कळत नाही. सोय मोठी झाली, पण एक तोटाही झाला. खालून वर जाणाऱ्या अहवालात 'सर्व ठीक' एवढंच येऊ लागलं.

म्हणून १९९०च्या दशकाच्या मध्याला 'स्मार्ट' नावाची नोंद-पद्धत रुळली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची डायरी ठेवते. किती सेक्टर बदलले, किती वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत आहेत, केबलमध्ये किती चुका झाल्या. २००७मध्ये गुगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येकानं पाठ कराव्यात. एक, पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. दोन, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी डायरीतल्या सर्वांत महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकीतही आधी काही कळवलं नव्हतं. म्हणजे इशारा आला तर तो खरा माना. आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

मंगळावरचा अठरावा दिवस

आता मुख्य मोहीम.

४ जानेवारी २००४ रोजी नासाची स्पिरिट ही गाडी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरली. तिच्यातला संगणक त्या काळच्या मानानंही जुना होता. किरणोत्सर्ग सोसणारं रॅड-६००० नावाचं प्रोसेसर, १२८ मेगाबाइट चालू स्मृती आणि २५६ मेगाबाइट फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणारी साठवण. त्या काळी दुकानात मिळणारे घरगुती संगणक याहून कितीतरी वेगवान होते. गंमत अशी की फ्लॅशवरच्या फाइलींची मांडणी डॉसच्या घराण्यातलीच होती, म्हणजे तुमच्या-माझ्या जुन्या संगणकाची चुलत बहीण.

या घराण्याची एक खोड आहे. फाइल पुसली तरी नोंदवहीतली तिची ओळ जात नाही. ओळीवर फुली पडते, वही तेवढीच जाड राहते. स्पिरिटच्या संगणकात या वहीची एक प्रत चालू स्मृतीत ठेवली जाई. पृथ्वीपासून मंगळापर्यंतच्या सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइली तिथे पडून होत्या, त्यात मंगळावरच्या नव्या फाइलींची भर पडत होती. वही फुगत गेली आणि तिला दिलेली जागा संपत आली. जमिनीवरच्या चाचण्यांत यंत्र सलग इतके दिवस चालवलं गेलं नव्हतं, त्यामुळे हे आधी दिसलं नाही.

जुन्या फाइली काढायला हव्यात, हे अभियंत्यांना कळलं होतं. पंधराव्या मंगळ-दिवशी त्यांनी सफाईचा एक छोटा प्रोग्रॅम वर पाठवला. तो दोन भागांत गेला आणि एक भाग नीट पोहोचला नाही. पुन्हा पाठवायचं ठरलं एकोणिसाव्या दिवशी.

अठराव्या दिवशी, २१ जानेवारीला, स्पिरिट गप्प झाली.

आधी संशय हवामानावर गेला. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या अँटेनापाशी वादळी पाऊस होता. पण पाऊस थांबला तरी गाडी गप्पच. मग कधी नुसता एक 'बीप', कधी अर्थ न लागणारी थोडी माहिती. हळूहळू चित्र उलगडलं. संगणक सुरू होत होता, फ्लॅश उघडायला जात होता, जागा न मिळाल्यानं कोसळत होता आणि पुन्हा सुरू होत होता. साठाहून अधिक वेळा हे झालं होतं. भर म्हणजे, गाडीला रात्री झोपायची आज्ञाही पाळता येत नव्हती. ती रात्रभर जागी राहून बॅटरी संपवत होती. संदेश एका बाजूला पोहोचायलाच दहा मिनिटांच्या आसपास लागत. घड्याळ चालू होतं.

माझं अपडेट चार वेळा अडलं होतं आणि मी चार वेळा तेच बटण दाबलं होतं. कॅलिफोर्नियात पॅसाडेना इथे बसलेल्या लोकांनी काय केलं? 'पुन्हा सुरू हो' असं त्यांनी सांगितलं नाही. गाडी बांधतानाच एक तरतूद करून ठेवली होती : फ्लॅशला हातच न लावता सुरू होण्याची आज्ञा. अपंग अवस्थेत, फक्त चालू स्मृतीवर. ती आज्ञा त्यांनी पाठवली. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. दोष फ्लॅशच्या बाजूला आहे, हे तिथेच सिद्ध झालं.

त्यानंतरही त्यांनी लगेच फ्लॅश पुसली नाही. आधी आत काय आहे ते पाहिलं, तपासाला लागणारी माहिती खाली उतरवली, जुन्या फाइली काढल्या. मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला फ्लॅश पूर्ण पुसून नव्यानं मांडली. ९० मंगळ-दिवसांसाठी पाठवलेली स्पिरिट सहा वर्षांहून अधिक काळ बोलत राहिली. तिचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१०चा.

तिची जुळी बहीण ऑपॉर्च्युनिटी २५ जानेवारी २००४ला मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरली. दहा वर्षांनी तिची फ्लॅश खरोखरच झिजली आणि संगणक वारंवार कोसळू लागला. सप्टेंबर २०१४मध्ये तिची फ्लॅश पुसून नव्यानं मांडायचं ठरलं. पण त्याआधी फ्लॅशवरची उपयोगाची सगळी माहिती पृथ्वीवर आणून ठेवली. तरीही त्रास थांबला नाही, तेव्हा फ्लॅशच्या सात भागांपैकी खराब असलेला सातवा भाग वगळणारं नवं सॉफ्टवेअर २०१५मध्ये पाठवलं. डब्यावरच्या यादीचीच ही पद्धत. हातानं टाइप होणारी नोंद इथे कोट्यवधी किलोमीटरवरून झाली, एवढाच फरक.

या दोन्ही मोहिमांचा क्रम एकच आहे. आधी धडका देणं थांबवा. मग संशयित भागाला बाजूला ठेवून यंत्र उभं करा. मग जे वाचवता येईल ते बाहेर काढा. दुरुस्ती सगळ्यांत शेवटी. सैन्यात आम्हाला हेच शिकवतात. आधी जखमी मागे आणा, चौकशी नंतर.

पुन्हा माझ्या टेबलाकडे

आता त्या सकाळचं. लॅपटॉप व्यवस्थित सुरू झाला होता. डिस्कची दुरुस्ती पूर्ण झाल्याचं पडद्यावर लिहिलं होतं. मी खूश झालो. फोल्डर उघडलं तर एक्केचाळीसपैकी चौतीस फाइली नीट होत्या. सात अर्धवट. बाजूला एक नवं फोल्डर, त्यात क्रमांकाची नावं असलेले तुकडे. दुरुस्तीनं रात्रभर काम केलं होतं. जिथे वाचता आलं नाही तिथे कापलं होतं आणि वही जुळवली होती.

त्या सातांत सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं रेकॉर्डिंग होतं. सव्वा तासाचं. आता अठरा मिनिटं उरली आहेत. रात्रीची वेळ आहे, तुकडी नदीकाठी पोहोचली आहे, होड्या अजून आलेल्या नाहीत, आणि आवाज थांबतो. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. नदी कशी ओलांडली, ते त्यांच्या तोंडून आता कुणालाच ऐकता येणार नाही.

मी इंदूरला राहतो. इथे संगणक दुरुस्त करणारा एक मराठी मुलगा आहे. त्यानं डिस्क पाहिली आणि म्हणाला, "काका, दुरुस्ती करायच्या आधी आणली असती तर बहुतेक सगळं निघालं असतं." त्यानं आरोप केला नाही. अपडेटचा संबंधही त्यानंच समजावला. संगणक रोज ठरावीक फाइलीच वाचतो. डिस्कचे काही कोपरे वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. मोठं अपडेट आलं की गोदामातला सगळा माल बाहेर निघतो, जुन्या फाइली वाचल्या जातात, पडताळल्या जातात, नव्या लिहिल्या जातात. इतके दिवस न दिसलेला खराब कोपरा त्या दिवशी दिसतो. अपडेटनं डिस्क बिघडवली नव्हती. बिघडलेली डिस्क अपडेटनं उघडी पाडली होती. मी बातमी आणणाऱ्या जासुदालाच चार वेळा झोडपत होतो.

प्रत्येक अडलेल्या अपडेटमागे मरणारी डिस्क असतेच असं नाही. जागा कमी असते, मध्येच वीज जाते, केबल सैल असते. म्हणून क्रम पाळावा. तोच सांगून थांबतो.

अपडेट एकदा अडलं तर जागा आणि वीज पाहा आणि एकदाच पुन्हा प्रयत्न करा. दुसऱ्यांदा अडलं तर हात आवरा. मशीन नेहमीपेक्षा फार मंद झालंय का, डिस्कमधून टकटक आवाज येतोय का, ते पाहा. टकटक असेल तर मशीन बंद करा आणि जाणकाराकडे द्या. नसेल तर पहिलं काम म्हणजे महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. मशीन नीट सुरू होत नसेल तर पेन ड्राइव्हवरून सुरू करा, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा. स्पिरिटला फ्लॅशशिवाय उभं केलं, तसंच. काढताना सहज वाचता येतं ते आधी घ्या, अडणाऱ्या जागांशी झटापट नंतर करा. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम नेमका याच तत्त्वावर चालतो. मग डिस्कची डायरी वाचा. ताटकळलेले किंवा बदललेले सेक्टर वाढत असतील तर डिस्क बदला. नुसत्या केबलच्या चुका वाढत असतील तर आधी केबल बदला, ती स्वस्त आहे. तपासणी, दुरुस्ती आणि अपडेट हे सगळं यानंतर.

ज्यांच्या घरी जुन्या संगणकावर आईचा आवाज आहे, वडिलांची पत्रं आहेत, लग्नाचे फोटो आहेत, त्यांनी हा भाग संपल्यावर पुढचा भाग लगेच सुरू करू नये. आधी दुसरी प्रत काढावी. ती दुसऱ्या घरी, मुलाकडे किंवा बहिणीकडे ठेवावी.

माझ्या उरलेल्या चौतीस रेकॉर्डिंगच्या आता तीन प्रती आहेत, तीन वेगवेगळ्या शहरांत. सुभेदारसाहेबांची अठरा मिनिटंही त्यांत आहेत. नदी कुणी आणि कशी ओलांडली, हे त्यांच्या तुकडीतल्या हयात असलेल्या दोघांना विचारायला मी पुढच्या महिन्यात निघतो आहे. या वेळी रेकॉर्डर दोन घेतले आहेत.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.